दाणे कोरडे, तर यंत्र शाबूत

२०२१च्या एप्रिल-मेमध्ये गावोगावच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर येऊन दाखल झाले. कुणी देणगी म्हणून दिले, कुणी परदेशातल्या भाच्या-पुतण्यांकरवी मागवले, कुठे गणेश मंडळानं वर्गणी काढली. कोविडची लाट ओसरली आणि यंत्रं कुबड्या, कमोडच्या खुर्च्या, एअरबेड यांच्या रांगेत जाऊन बसली. आता ती बाहेर निघतात ती निराळ्या रुग्णांसाठी. जन्मभर चुलीचा धूर खाल्लेल्या आजी, बिडीनं फुप्फुसं पोखरलेले आजोबा. डिस्चार्ज देताना डॉक्टर सांगतात, ‘घरी ऑक्सिजन लावावा लागेल.’ मुलगा केंद्रात जातो, अनामत भरतो आणि यंत्र रिक्षात घालून घरी आणतो. सोबतची पुस्तिका तोवर कधीच हरवलेली असते.

हा लेख त्या घरासाठी आहे, आणि केंद्र सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही. ऑक्सिजन किती लिटरवर लावायचा, दिवसाचे किती तास लावायचा, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात मी पडणार नाही. यंत्राच्या निगेबद्दल मात्र बरंच सांगण्यासारखं आहे. ही निगा म्हणजे पाठ करायच्या वीस सूचना नव्हेत. आत काय चालतं हे एकदा कळलं, की बहुतेक सूचना आपल्या आपणच सुचतात.

आत काय चालतं

कॉन्सन्ट्रेटरमध्ये ऑक्सिजन भरलेला नसतो आणि तो तिथे तयारही होत नाही. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवायचा आणि उरलेला वायू रुग्णाला द्यायचा, एवढंच हे यंत्र करतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन आणि जेमतेम एक टक्का आर्गॉन असतो. नायट्रोजन धरायचं काम करतात झिओलाइटचे दाणे.

यंत्राचं मागचं झाकण काढलं की कॉम्प्रेसरशेजारी धातूच्या दोन नळकांड्या उभ्या दिसतात. त्या या दाण्यांनी गच्च भरलेल्या असतात. दाणे खसखशीएवढे, मळकट पांढरे. ताजे, कोरडे दाणे ओल्या तळहातावर घेतले तर हाताला चक्क गरम लागतात, कारण तळव्यावरचं पाणी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि त्या ओढण्यातून उष्णता बाहेर पडते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

झिओलाइट म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. त्याच्या आत पोकळ्यांचं जाळं असतं आणि पोकळ्यांमध्ये सोडियम, कॅल्शियम किंवा लिथियमचे धनभारित आयन बसलेले असतात. नायट्रोजनच्या रेणूतल्या विद्युतभाराची मांडणीच अशी, की तो या आयनांकडे ऑक्सिजनपेक्षा जास्त ओढला जातो. बारीक छिद्रांतून छोटा ऑक्सिजन पार होतो आणि मोठा नायट्रोजन अडतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. या यंत्रात तसं घडत नाही. १३एक्स जातीच्या झिओलाइटच्या पोकळ्यांची तोंडं या दोन्ही रेणूंच्या साधारण दुप्पट रुंद असतात, त्यामुळे दोघंही सहज आत शिरतात. फरक पडतो तो शिरल्यावर. नायट्रोजन आत रेंगाळतो, ऑक्सिजन पुढे निघून जातो.

दाब वाढवला की दाणे जास्त नायट्रोजन धरतात आणि दाब सोडला की धरलेला नायट्रोजन सोडून देतात. म्हणून नळकांड्या दोन. एकीत कॉम्प्रेसर हवा भरत असतो, तेव्हा दुसरी दाब सोडून मोकळी होत असते. काही सेकंदांनी पाळी बदलते. चालू यंत्रातून ठरावीक अंतरानं जो ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो या पाळी बदलण्याचा. बाहेर पडतो तो मुख्यतः नायट्रोजन. दाब वर-खाली करून वायू वेगळे करायच्या या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून पीएसए म्हणतात. तिचं एक मूळ पेटंट एस्सो कंपनीत काम करणाऱ्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना १९६० साली मिळालं. त्यासाठी लागणारे कृत्रिम झिओलाइट युनियन कार्बाइडनं १९५४ साली बाजारात आणले होते. जिल्हा रुग्णालयाच्या आवारातला खोलीएवढा पीएसए प्लांट आणि आजीच्या पलंगाशेजारचं चाकांवरचं खोकं, दोन्हींच्या पोटात हेच तत्त्व आहे.

दाणे बदलले, की त्याच सांगाड्यातून दुसराच वायू मिळतो. २०२१च्या एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली नायट्रोजन बनवणाऱ्या पीएसए प्लांटमधली कार्बनची आण्विक चाळणी काढून तिथे झिओलाइट भरला गेला. त्यातून साडेतीन वातावरण दाबाला ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. नायट्रोजनचे प्लांट देशभरातल्या कारखान्यांत आधीपासून होतेच, म्हणून त्या धामधुमीत ही युक्ती मोलाची होती.

जाता जाता एक गोष्ट, कारण ‘हे दाणे आपल्या डोंगरातले का?’ हा प्रश्न हटकून येतो. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात नैसर्गिक झिओलाइट मुबलक आहेत. बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडताना ते निघाले, आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. पण यंत्रातले दाणे त्या दगडांचे नसतात. ते कारखान्यात रसायनांपासून घडवतात, कारण सगळ्या पोकळ्या एका मापाच्या आणि आयन हवे तेच लागतात.

९५च्या वर का जात नाही

नव्या यंत्राच्या पडद्यावर ९३ किंवा ९४ दिसलं की काही जण कटकट करतात, ‘शंभर टक्के का नाही?’ आर्गॉनच्या बाबतीत झिओलाइट ऑक्सिजनइतकाच उदासीन असतो, म्हणून आर्गॉन ऑक्सिजनसोबत पुढे जातो. हवेतला सगळा नायट्रोजन काढून टाकला तरी २०.९५ भाग ऑक्सिजन आणि ०.९३ भाग आर्गॉन उरतो. म्हणजे ऑक्सिजनचा वाटा ९५.७ टक्के. त्यापलीकडे हे यंत्र जाऊच शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं कॉन्सन्ट्रेटरसाठी ९३ टक्के, तीन इकडे-तीन तिकडे, हे प्रमाण धरलं आहे. विक्रेता ‘९९ टक्के शुद्ध’ म्हणत असेल तर त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

सगळ्यात मोठा शत्रू

झिओलाइटला नायट्रोजनची ओढ आहे, पण पाण्याची ओढ तिच्या कितीतरी पट जास्त आहे. पाण्याचा रेणू आयनांशेजारच्या जागा पटकावतो आणि दाब सोडल्यानं सहजी हटत नाही. तेवढ्या जागा नायट्रोजनला बंद होतात. दाणा दिसायला तसाच राहतो, पण त्याचं काम संपतं.

आकडा किती मोठा आहे पाहा. पाच लिटरचं यंत्र मिनिटाला ९३ टक्क्यांचा पाच लिटर वायू देतं, म्हणजे ४.६५ लिटर निव्वळ ऑक्सिजन. हवेतला सगळाच्या सगळा ऑक्सिजन हाती आला असता, तरी त्यासाठी मिनिटाला २२ लिटर हवा लागली असती. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त ऑक्सिजन नायट्रोजनबरोबर बाहेर फेकला जातो, म्हणून साठ-सत्तर लिटर हवा ओढावी लागते. ६५ लिटर धरले तर चोवीस तासांत सुमारे ९४ घनमीटर. श्रावणात रत्नागिरी-मालवणकडे ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर दर घनमीटर हवेत पंचवीसेक ग्रॅम वाफ असते. म्हणजे एका दिवसात दोन लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपात त्या दोन नळकांड्यांच्या तोंडाशी येतं.

यंत्र चालू असतं तोवर हे पाणी तोंडाशीच थोपतं. दाण्यांचा सुरुवातीचा थर ते धरतो आणि दर पाळीला उलट वाहणारा कोरडा वायू त्यातलं बरंचसं बाहेर ढकलतो. यंत्र बंद केलं की हे ढकलणं थांबतं. तोंडाशी धरलेलं पाणी तासातासानं, दिवसादिवसानं आतल्या कोरड्या दाण्यांकडे सरकत राहतं. यंत्र महिनोन्महिने पडून राहिलं तर भर म्हणून बाहेरची दमट हवाही झिरपत असते. म्हणूनच सतत वापरलेलं यंत्र बरीच वर्षं टिकतं आणि जपून ठेवलेलं यंत्र दोन पावसाळ्यांत निकामी होतं. वस्तू जपायची म्हणजे झाकून ठेवायची, या आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे.

तेव्हा केंद्रांसाठी पहिला नियम : पडून असलेलं प्रत्येक यंत्र महिन्यातून एकदा तरी काही तास सलग चालवायचं, पावसाळ्यात दर पंधरवड्याला. दहा मिनिटं चालवून ‘चालतंय’ अशी नोंद करण्यात अर्थ नाही. तेवढ्यात दाणे वाळत नाहीत. ज्या खोलीला ओल येते, भिंतीला पोपडे सुटतात, तिथे यंत्रं ठेवूच नका. जमिनीवर नको, फळीवर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळताना आत ओलसर हवा कोंडली जात नाही ना, ते बघा. उंदीर नळ्या कुरतडतात, त्यांचाही बंदोबस्त हवा.

घरी वापरताना फार काळजी नको, कारण यंत्र रोज चालतं. फक्त सारखं चालू-बंद करू नका. आजी अर्धा तास अंगणात बसल्या म्हणून तेवढ्यासाठी यंत्र बंद करायची गरज नाही. शिवाय चालू केल्यावर पुरती शुद्धता यायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ थांबून मग नळी नाकाला लावा.

भिजलेले दाणे वाळवता येतात का? येतात, पण कोरड्या वायूच्या झोतात तीनशे अंशांच्या वर तापवून. ते घरच्या ओव्हनचं काम नव्हे. नळकांड्या उघडून दाणे ‘भाजून’ देणारे कारागीर तुम्हाला भेटतील. नम्रपणे नकार द्या. लिथियम असलेला झिओलाइट फार संवेदनशील असतो. उघड्या हवेत काढला की थंड होताहोताच तो पुन्हा पाणी पितो. दाणे गेले असतील तर दोन्ही नळकांड्या कंपनीकडून बदलून घ्याव्या लागतात. खर्चाची चौकशी आधी करा. जुन्या यंत्राच्या बाबतीत हा खर्च पुष्कळदा यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो.

यंत्र कुठे ठेवायचं

भिंतीपासून वीतभर तरी लांब, जाळी मोकळी राहील असं. पडद्याला टेकवून नको, पलंगाखाली नको. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट वीज खातं आणि ती शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. दाणे तापले की नायट्रोजन धरण्याची त्यांची ताकद कमी होते, म्हणून यंत्राला हवा खेळती लागते. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत यंत्र कुरकुरलं तर आधी खोली थंड करा, मग मेकॅनिकला बोलवा. कूलर लावणार असाल तर त्याचा ओला झोत यंत्राच्या जाळीवर येऊ देऊ नका.

स्वयंपाकघरापासून लांब ठेवायची कारणं दोन. फोडणीची तेलकट वाफ फिल्टरवर बसते. आणि आग. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात साधी ठिणगीही भडका घेते. पांघरूण, उशी, केस यांच्यात ऑक्सिजन मुरलेला असतो. रुग्णाजवळ विडी-सिगारेट नको हे सगळे सांगतात; आपल्या घरांत खरा धोका निरांजन, उदबत्ती, कापूर आणि डासांच्या अगरबत्तीचा असतो. आजींचा पलंग देवघराला लागून असेल तर दोहोंपैकी एक हलवावं लागेल. संध्याकाळी दिवा लावायची आजींची सवय मोडू नका, पण नाकाला नळी असताना त्यांना वात पेटवायला लावू नका. नाकाशी कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नये. पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरावी.

‘हे यंत्र खोलीतला ऑक्सिजन संपवतं का?’ असं शेजारी विचारतातच. नाही. जो ऑक्सिजन वेगळा होतो, तो रुग्णाच्या नाकाशी येऊन त्याच खोलीत मिसळतो. दार-खिडकी उघडी ठेवायची ती उकाड्यासाठी.

बाहेरचा स्पंजाचा फिल्टर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यानं धुवा. धुतल्यावर तो पूर्ण वाळेपर्यंत यंत्रात घालू नका. ओला फिल्टर घालणं म्हणजे दाण्यांना आयतं पाणी पाजणं. दोन स्पंज असतील तर आलटून-पालटून वापरा. आतला कागदी फिल्टर धुवायचा नसतो, मुदत झाली की बदलायचा.

बुडबुड्यांच्या बाटलीत, म्हणजे ह्युमिडिफायरमध्ये, उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी दोन रेघांच्या मधोमध ठेवा आणि रोज बदला. नळाच्या कडक पाण्यानं आत क्षार साचतात. बाटलीत बुडबुडे येत नसतील तर दहापैकी नऊ वेळा झाकणाचा आटा तिरपा बसलेला असतो. बाटलीच्या तळाशी किंवा नळीत पांढरी पूड दिसली, तर मात्र यंत्र बंद करून केंद्राला कळवा. आत दाणे सैल होऊन एकमेकांवर घासले जात असल्याची ती खूण आहे.

शुद्धता तपासायची कशी

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा सविस्तर.

नळीची टोकं पाण्याच्या पेल्यात बुडवून बुडबुडे पाहायची युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. त्यानं एवढंच कळतं की नळीतून काहीतरी येतंय. ते ९३ टक्के ऑक्सिजन आहे की खोलीतली साधी हवा, हे बुडबुडा सांगत नाही. दाणे पार निकामी झालेलं यंत्रसुद्धा छान बुडबुडे देतं, फ्लोमीटरमधला गोळा पाचवर नाचतो आणि सगळे निर्धास्त राहतात.

खरी तपासणी ऑक्सिजन अ‍ॅनालायझरनं होते. हातात मावणारं हे उपकरण प्रत्येक केंद्रानं विकत घ्यायला हवं. नवं यंत्र घेण्याआधी ते घ्या, असं मी म्हणेन. आधी मोकळ्या हवेत धरून ते २०.९ दाखवतंय ना, ते पाहा. मग यंत्र चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या आणि वाचन घ्या ते सर्वोच्च प्रवाहावर. पाच लिटरचं यंत्र असेल तर पाचवर, दहाचं असेल तर दहावर. दोन लिटरवर घेतलेलं वाचन फसवं असतं. थकलेले दाणेही थोड्या प्रवाहाला पुरे पडतात आणि ९३ दाखवतात. प्रवाह वाढवला की उघडे पडतात. दोनवर ९३ आणि पाचवर ७८ देणारं यंत्र म्हणजे निम्मं दमलेलं यंत्र. शक्य असेल तर दोन्ही वाचनं यंत्राच्या कार्डावर तारखेसह लिहा. तीन-चार नोंदींनंतर उतार दिसायला लागतो, आणि तो उतार एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो.

चांगल्या यंत्रात शुद्धतेचा सेन्सर असतो आणि शुद्धता ८२ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेली की दिवा पिवळा-लाल होतो, शिट्टी वाजते. तो आवाज नकोसा झाला म्हणून सेन्सरची वायर काढून टाकलेली यंत्रं मी पाहिली आहेत. यंत्र ताब्यात घेताना सुरुवातीला सगळे दिवे क्षणभर लागतात का आणि भोंगा वाजतो का, ते बघून घ्या.

आकडा थोडा घसरला म्हणून घाबरून जाऊ नका. रुग्णाच्या दृष्टीनं मोलाचा असतो तो साध्या हवेपेक्षा जास्त मिळालेला ऑक्सिजन. दोन लिटर प्रवाहाला ९३ टक्के असेल तर हा जादा ऑक्सिजन मिनिटाला १.४४ लिटर. शुद्धता ८५ झाली तर १.२८. फरक आहे, पण रात्रीत धावपळ करण्याएवढा नाही. सकाळी केंद्राला फोन करा. ५० वर आली तर उरतो ०.५८, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तेव्हा मात्र सकाळची वाट पाहायची नाही.

हाच हिशेब बाजारातल्या एका फसवणुकीलाही लागू पडतो. ‘१ ते ७ लिटर’ असं लिहिलेली छोटी, स्वस्त यंत्रं मोठ्या संख्येनं विकली गेली. त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेलं असतं की ९० टक्क्यांवर शुद्धता फक्त एक लिटरला; सात लिटरला ती तीसच्या घरात येते. आता हिशेब करा. एक लिटरला ९३ टक्के, तर जादा ऑक्सिजन ०.७२ लिटर. सात लिटरला ३० टक्के, तर ०.६३. म्हणजे बटण कितीवरही फिरवा, आतले दाणे तेवढेच असल्यामुळे मिळायचं ते तेवढंच मिळतं. भर पडते ती नुसत्या वाऱ्याची. विकत घेताना विचारायचा प्रश्न एकच : पूर्ण प्रवाहाला शुद्धता किती? उत्तर लेखी घ्या. वजनावरूनही अंदाज येतो. खरं पाच लिटरचं यंत्र चौदा-पंधरा किलोच्या खाली क्वचितच असतं, कारण कॉम्प्रेसर आणि दाणे यांना वजन असतंच.

यंत्र ठीक आहे आणि तरी ऑक्सिमीटरवरचं वाचन डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेखाली जातंय, ओठ निळसर दिसताहेत, रुग्ण गुंगीत जातोय, अशा वेळी प्रवाह वाढवत बसू नका. १०८ला फोन करा. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या, पुष्कळ रुग्णांसाठी डॉक्टर ८८ ते ९२ एवढीच पातळी ठरवून देतात. शेजारच्या काकांची ९८ असते म्हणून आपल्या आजींची ९८ करायला गेलात, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून त्या झोपेतच अत्यवस्थ होऊ शकतात.

विजेचं काय

३५० वॅटचं यंत्र चोवीस तास चाललं तर दिवसाला ८.४ युनिट, महिन्याला अडीचशे. महावितरणच्या बिलात घर वरच्या टप्प्यात जातं. घरातल्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे आजींना ऐकवलं जात नाही. सीओपीडीमध्ये ज्यांना दीर्घकाळ ऑक्सिजन लागतो, त्यांना तो दिवसाचे किमान पंधरा तास घ्यावा लागतो. बिल वाचवायला म्हणून दोन-तीन तास लावला तर हवा तो फायदा पदरात पडत नाही.

यंत्र थेट भिंतीतल्या प्लगला लावा. त्याच एक्स्टेन्शनवर मिक्सर, इस्त्री नको. इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह प्रकारचा हवा, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर दोन-तीन पट वीज ओढतो हे धरूनच त्याची क्षमता ठरवा. १५० एएचच्या एका बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात; तूट आणि बॅटरीचं आयुष्य धरून हजार-अकराशे वापरावेत. म्हणजे तीन तास. गावाकडे वीज त्याहून जास्त वेळ जाते, म्हणून भरलेला सिलिंडर आणि त्याचा चालू स्थितीतला रेग्युलेटर घरात हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन बसतो; दोन लिटरवर तो बारा तासांवर पुरतो. सिलिंडर उभा, साखळीनं बांधलेला ठेवा आणि रेग्युलेटर बसवायचा सराव वीज असताना, दिवसाउजेडी करून घ्या. त्याच्या आट्याला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, कितीही घट्ट बसला असला तरी.

यंत्र परत करताना

रुग्ण बरा होतो किंवा जातो, आणि यंत्र केंद्रात परत येतं. दु:खाच्या घरातून आलेलं यंत्र कुणी तपासत नाही, तसंच फळीवर जातं. केंद्रातल्या माणसानं ते तिथल्या तिथे तपासावं. बाटली आणि नळी काढून टाकायची. नाकाची नळी पुढच्या रुग्णाला कधीही द्यायची नाही. बाटलीत पाणी राहिलेलं यंत्र आडवं करून रिक्षात घातलं गेलंय का ते विचारायचं, कारण ते पाणी उलट यंत्रात गेलेलं असू शकतं. मग ते उभं करून दोन-तीन तास पूर्ण प्रवाहावर चालवायचं, अ‍ॅनालायझर लावायचा, तासांच्या मीटरवरचा आकडा आणि शुद्धता कार्डावर लिहायची. मिळालेला आकडा ८२च्या खाली असेल तर यंत्रावर लाल चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवायचं आणि कंपनीच्या माणसाला बोलवायचं. ८२ ते ९० दरम्यान असेल तर ते एक-दोन लिटर लागणाऱ्या रुग्णालाच द्यायचं, आणि तसं त्याच्या घरच्यांना तोंडी न सांगता कार्डावर लिहून द्यायचं.